भांडायचं इंग्रजी

शिवणवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती सोमवारी सकाळी, शाळेच्या दारातच. लेक नेहमीच्या जिन्याकडे न वळता तळघराच्या पायऱ्या उतरायला लागली. मागे पडलेल्या मुलांना बसवायचे त्या खोलीत.

"अगं ए, तिकडे कुठे निघालीस?"

"माझा वर्ग आता हाच आहे," लेक बुटांकडे बघत म्हणाली आणि खाली उतरून गेली.

आता मागच्या आठवड्यात काय झालं ते सांगायला हवं. शाळेनं दोघींना बोलावलं होतं. मुख्याध्यापिका बाईंचं म्हणणं, मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, विचारलं तर नुसती बघत बसते, तेव्हा तिला खालच्या तुकडीत टाकू. या परक्या देशातल्या बाईंना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं आणि शिवणवालीला इंग्रजी सोडून सगळं येत होतं. त्यामुळे मध्ये लेक. दवाखाना असो, बँक असो, घरमालक असो, मध्ये कायम लेकच. बारा वर्षांची पोर अख्ख्या घराचं तोंड होऊन बसली होती. ती कामाला होती त्या शिवणाच्या दुकानातही तिला बोलायची वेळच यायची नाही. गिऱ्हाइकाशी मालक बोलायचा, ती खाली बसून पँटच्या पायाला टाचण्या लावायची.

तर त्या दिवशी शिवणवालीनं बाईंना चांगलंच फैलावर घेतलं. माझी पोर हुशार आहे, तिला खाली टाकलंत तर याद राखा, असं बरंच काही ती बोलली. टेबलावर हात आपटला. लेकीनं ते सगळं ऐकून घेतलं आणि दोन वाक्यांत सांगून टाकलं. बाई हसल्या, उठून त्यांनी शिवणवालीचा हात हातात घेतला. ही बया खूश! इंग्रजी म्हणजे किती आटोपशीर भाषा, एवढ्या मोठ्या भांडणाला दोनच वाक्यं पुरली, असं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, दोनदा सांगितलं.

आणि आता हे तळघर.

संध्याकाळी लेक घरात पाऊल टाकते न टाकते तोच शिवणवालीनं तिला धरलं. "काय सांगितलंस गं त्या बाईला?"

"सांगितलं, आईची हरकत नाही. आणि थँक यू म्हणाले."

"मी असं म्हणाले?"

"तू ओरडत होतीस, आई. बाहेरची मुलं काचेतून बघत होती. मला लाज वाटली."

लाज! जिच्यासाठी घसा फोडला तिलाच लाज! शिवणवालीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "माझी लाज वाटते ना तुला? मग बोलूच नकोस माझ्याशी. अजिबात नकोस!" असं म्हणाली आणि वर तो शब्द पाळला. त्या घरात मग ऊठ, जेव, दिवा घालव, एवढंच उरलं. नवरा बिचारा म्हणाला, "जाऊ दे गं, तुकडीच तर बदललीय." त्यालाही तिनं असं काही सुनावलं की तो ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.

एक मात्र तिनं पक्कं ठरवलं. पुन्हा मुख्याध्यापिकेच्या खोलीत जायचं आणि यावेळी मध्ये कुणी नको. आपलं भांडण आपण भांडायचं.

लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी आपल्या मराठी माणसांसाठी 'रोजचं इंग्रजी' असा वर्ग चालायचा. फुकट होता. शिकवणारे सर हडकुळे, हसरे आणि इतके सभ्य की खुर्ची सरकवतानाही आवाज होऊ द्यायचे नाहीत. ते रंगीत चित्रं दाखवायचे आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. हॉटेलात सूप कसं मागायचं. आज हवा किती छान आहे. टोपी कुठे मिळेल. शिवणवालीनं दोन रविवार सूप मागितलं. तिसऱ्या रविवारी सरांनी टोपीचं चित्र वर धरलं आणि तिचा बांध फुटला.

"सर, मला टोपी नको. मला भांडायचंय. भांडायचं इंग्रजी शिकवा."

सर कसनुसं हसले. "ताई, इंग्रजीत असं भांडत नाहीत. शांतपणे म्हणायचं, आय ॲम नॉट हॅपी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे, मी खूश नाही."

"एवढंच? अहो, हे तर मी मेलेल्या माणसालाही सांगू शकते, तो काय उठून बसणार आहे?"

मागच्या बाकावरचा बसड्रायव्हर खो खो हसला. पण हसता हसता तोही सुरू झाला. "नाही सर, ताई बरोबर बोलतात. लोक मला रोज तोंडावर वाट्टेल ते बोलतात. मला त्यावर फक्त सॉरी येतं. चूक त्यांची, सॉरी माझं." मग पाळणाघरातली आया बोलली, मग एक म्हातारे काका. प्रत्येकाच्या पोटात एक न भांडलेलं भांडण होतं. बघता बघता त्या खोलीत नुसता कल्ला झाला.

सरांनी हातातलं पुस्तक उघडलं, चार पानं उलटली आणि टेबलावर आदळलं. त्या सभ्य माणसानं! "खरंय. या अख्ख्या पुस्तकात एक माणूस चिडत नाही. सगळे आपले थँक यू आणि सॉरी. मलाही हे शिकवून शिकवून वीट आलाय."

त्या दिवसापासून सरावासाठी सर मुख्याध्यापिका झाले. पहिल्यांदा फार गोड झाले. शिवणवाली खवळली. "अशी नाही वागत ती! माझ्याकडे बघू नका. घड्याळ बघा. मी बोलायला लागले की फोन घ्या." सरांनी खरंच फोन कानाला लावला आणि ती अशी काही तडकली की सर दचकून मागे सरकले. शब्द चुकले, पण थांबली नाही. नंतरचे सगळे रविवार हेच चाललं. कापडावर टाका घालताना, भांडी घासताना तिचं आपलं पुटपुटणं चालूच. लेक ऐकायची, पण विचारायची नाही. आईनं बोलणं बंद केलं होतं ना.

मग ती शाळेत गेली. लेकीला सोबत घेतलं आणि दाराबाहेरच दम दिला, "आत तोंड उघडायचं नाही. तुझं थँक यू नकोय मला."

सुरुवात झकास झाली. माझी मुलगी हुशार आहे. तिला खाली टाकायचं कुणी ठरवलं? तिची परीक्षा कोणी घेतली? आय ॲम नॉट हॅपी. बाईंच्या भुवया वर गेल्या. मग त्या बोलायला लागल्या, भराभर, आणि बोलता बोलता शिवणवालीला सोडून लेकीकडे वळल्या.

"टॉक टू मी!" शिवणवाली कडाडली.

बाई तिच्याकडे वळल्या आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यांदा, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, की ही मुलगी बोलतच नाही, मग आम्ही काय करणार? शिवणवालीला हे समजलं. उत्तरही जिभेवर होतं, पण तिचं सगळं इंग्रजी तेवढ्यात संपलं! एक शब्द सापडेना. मग काय, आली मराठीवर.

"बोलत नाही म्हणून तळघरात? अहो, तिला बोलतं करायला तुम्हाला ठेवलंय ना? की पोरांना खाली ढकलायचं आणि दार लावून मोकळं व्हायचं, एवढंच काम तुमचं? तिनं कधीतरी तोंड उघडलं असेलच की! तेव्हा काय केलंत तुम्ही?"

बाईंनी खांदे उडवले आणि लेकीकडे बघितलं. शिवणवालीनंही बघितलं. आता येणार ते थँक यू, म्हणून तिनं दात आवळले.

लेक उभी राहिली. तिनं टेबलावर हात असा आपटला की पेनांचा डबा कलंडला. आणि बोलायला लागली. आईचं जेवढं लांब होतं तेवढं लांब, मोठ्या आवाजात, बाईंच्या डोळ्यांत बघून. बाहेर काचेशी पोरं जमली, तरी थांबली नाही. आईचं संपलं तरी हिचं चालूच! शिवणवालीला सगळं कळलं नाही. पण लेकीनं वर्गात एकदा तोंड उघडलं होतं तेव्हा पोरं हसली होती आणि शिकवणारी बाईही त्यांच्यासोबत हसली होती, एवढं कळलं.

मुख्याध्यापिकांनी कलंडलेला डबा सरळ केला. ही बोलत नाही, असं आता त्या कुठल्या तोंडानं म्हणणार? शेवटी त्या हळू म्हणाल्या, उद्यापासून वरच्या वर्गात, आणि मी स्वतः येऊन मागे बसेन. हे त्यांनी शिवणवालीकडे बघून सांगितलं.

बाहेर आल्यावर शिवणवालीचं ऊर भरून आलं. काय बोलली माझी वाघीण! तिनं लेकीला जवळ ओढलं. लेकीनं हात झटकला.

"हात नको लावूस. तुझ्याशी भांडायचं राहिलंय अजून."

"माझ्याशी?"

"वर्गात ते हसले ते मी तुला सांगणार होते. त्याच दिवशी, लाज वाटली म्हणाले ना, त्याच्या पुढचं सांगणार होते. तू बोलूच नकोस म्हणालीस. मी रोज तळघरात जायचे आणि घरी यायचे, आणि दोन्हीकडे गप्प. तू रविवारी परक्या माणसांत जाऊन भांडण शिकत होतीस. मला एकदा विचारलं असतंस!" पोर रडत नव्हती. चिडली होती, तिच्या आईसारखीच.

शिवणवालीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. तिच्याकडे उत्तर कधी नसायचं? ते तिनं गिळलं. भिंतीला लागून लहान मुलांचं एक ठेंगणं बाक होतं, त्यावर गुडघे वर करून ती बसली.

"बोल," ती म्हणाली. "पहिल्यापासून सगळं बोल. मी मध्ये बोलत नाही."

लेक बोलत राहिली, आणि शिवणवाली खरंच मध्ये बोलली नाही.