एकशेसत्ताविसावा हात

सव्वीस जानेवारीला सकाळी आमच्या आंबेशेतात वाघजाईच्या मंडपात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बायका पुढे, पुरुष मागे, पोरं कठड्यावर, आणि ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ते बाहेर चपला राखत उभे. पोलादपूरहून जीप करून पाच-सहा पाहुणे खास बघायला आले होते. नवख्या माणसाला जत्राच वाटली असती. पण ती ग्रामसभा होती.

ग्रामसभा म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातला चमत्कार लगेच कळेल. पुरेशी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करायची, असा नियम आहे, आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं ती तहकूबच व्हायची. पुढे ग्रामसेवक वही घेऊन घरोघर सह्या गोळा करत, आणि कागदावर सगळं गाव हजर असे. मग राजेश आला आणि सभेला ही गर्दी लोटली.

हा राजेश भांडुपला केबलच्या धंद्यात होता. तिकडे काय बिनसलं कोण जाणे, दीड वर्षापूर्वी कपाळाला मळवट आणि गळ्यात कवड्यांची माळ घालून गावी परतला. देवळातले म्हातारे गुरव गुडघ्यांनी बेजार झाले होते, तेव्हा कौल लावायचं काम यानं आपणहून घेतलं. कौल आमच्याकडे पूर्वापार आहे. देवीच्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर तगरीची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. पूर्वी लोक लग्नाचं विचारत, विहिरीचं विचारत. ग्रामपंचायतीचे ठराव देवीपुढे ठेवायची अक्कल मात्र राजेशची आणि सरपंच अनिलची.

अनिल माझा सख्खा पुतण्या. मी श्रीपत, महाड डेपोत तीस वर्षं कंडक्टर होतो, आता घरी बसून असतो आणि लोकांना नको ते बोलतो. तीन ग्रामसभांत सात ठराव देवीपुढे गेले आणि सातही वेळा देवीचं मत अनिलच्या मताशी तंतोतंत जुळलं. गाव थक्क झालं. सगळ्यात जास्त थक्क झाल्याचं अनिल स्वतः दाखवत असे.

“नो पार्टी, नो पॉलिटिक्स,” राजेश दर वेळी मंडपात हात पसरून सांगत असे. “डायरेक्ट आईचा रिझल्ट. मी पाकळीला टच करतो का? नाय. फुंकर मारतो का? नाय. सगळं ओपन हाय, फेसबुकवर लाइव्ह हाय, मुंबईकर मंडळी पण बगतायत.” असं म्हणून तो दहा पावलं मागे सरके आणि दोन्ही हात पाठीशी बांधून उभा राही. आता यात लबाडी काढायची तरी कुठून? मीही काढायला गेलो नव्हतो, आणि त्याचं कारण पुढे सांगतो.

त्या दिवशीचा प्रश्न मोठा होता. यंदा एकच काम मंजूर होणार होतं. घाटरस्त्यावरून गावचा रस्ता वळतो तिथे फाट्यावर सिमेंटची कमान, नाहीतर ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल. ओढ्यापलीकडे खालची वाडी आहे. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीतली पोरं शाळेला मुकतात. वाडीतल्या सारिकेच्या मुलीचे, स्नेहलचे, नववीत असे त्रेचाळीस दिवस गेले होते. येत्या जूनमध्ये ती दहावीत जाणार होती. सारिकेला साकव हवा होता तो एवढ्यासाठी. आणि कमानीवर माझ्या कैलासवासी वडिलांचं नाव घालायचं अनिलनं निवडून आल्यापासूनच कबूल केलं होतं. म्हणून मी गप्प होतो.

राजेशनं गाऱ्हाण्याला सुरुवात केली तेवढ्यात सारिका उठून उभी राहिली. गेल्या निवडणुकीत खालच्या वाडीच्या उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून ती मतदानाला केंद्रात आणि नंतर पोलादपूरला मतमोजणीच्या टेबलासमोर बसली होती. उमेदवार तीन मतांनी पडला. ती घरी येऊन शांत झोपली, याचं तेव्हा सगळ्या वाडीला नवल वाटलं होतं.

“मी शांत झोपले, कारण मी सगळं डोळ्यांनी बघितलं होतं,” ती म्हणाली. “मतदानाआधी सगळ्यांच्या समोर खोटी मतं टाकून मशीन तपासतात. बरोबर मोजतंय असं दिसलं की ती मतं पुसतात, आणि मग खरं मतदान. आपण तसाच आधी एक चाचणीचा कौल लावू. उत्तर सगळ्या गावाला माहीत असेल असं काहीतरी विचारू.”

राजेश म्हणाला की हा देवीचा अपमान आहे, आईचा कोप होईल, एनर्जी खराब होईल. अनिल म्हणाला की वेळ नाही, जेवणं व्हायची आहेत. ग्रामसेवक वहीत डोकं घालून बसले. तेव्हा पुढच्या रांगेतून साळूबाई बोलली. साळूबाई म्हणजे गावातली सगळ्यात वयस्कर बाई, आणि देवीवर तिची श्रद्धा राजेशच्या वयाच्या दुप्पट जुनी.

“पोरगी आईला इचारतेय रे. आईला कसलं भ्याव? घाम तर तुला सुटलाय.”

झालं. साळूबाईपुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. सारिकेनं पाकळ्या स्वतः लावल्या आणि हात जोडून विचारलं, “आई, आज सव्वीस जानेवारी असेल तर डावी पाकळी पाड.”

शाळेत झेंडावंदन होऊन तास झाला नव्हता. पोरांच्या खिशांत गोळ्या अजून शिल्लक होत्या. उजव्या बाजूला तेवणाऱ्या समईच्या उजेडात सगळं गाव पाषाणाकडे बघत राहिलं. सहा मिनिटं गेली. आणि पडली ती उजवी.

“मंजे आज सव्वीस जानेवारी नाय,” मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं. मंडप हसून लोळला. ग्रामसेवकांनी खरोखरच वहीतली तारीख तपासून पाहिली. सरकारी माणूस, त्यांना कोणावर विश्वास ठेवावा कळेना.

राजेश डगमगणारा नव्हता. आई रुसली आहे, एवढंच त्याचं म्हणणं. सारिका म्हणाली, मग रुसलेल्या आईला परत विचारू, तोच प्रश्न, त्याच पाकळ्या. मी फक्त ही समई उजवीकडून डावीकडे ठेवते. आणि दहा पावलं लांब उभा असलेला राजेश एका उडीत पुढे आला.

“समईला हात लावायचा नाय.”

तेवढ्या एका वाक्यानं मंडपातलं हसू थांबलं. पाकळीला कोणीही हात लावा, समईला मात्र नाही, हे काय प्रकरण आहे? साळूबाई कंबरेवर हात ठेवून उठली, पाच वातींची ती जड समई तिनं स्वतः उचलली आणि डाव्या खांद्याखाली नेऊन ठेवली. त्या बाजूचा पाषाण तापेपर्यंत थोडा वेळ गेला. मग प्रश्न झाला. डावी पडली. सारिकेनं लगेच उलटं विचारलं, आज सव्वीस जानेवारी नसेल तर डावी पाड. तरीही डावीच पडली. आजचा दिवस सव्वीस जानेवारी होता आणि नव्हताही, असं देवीच्या नावावर जमा झालं.

मग सारिकेनं सगळं उलगडून सांगितलं. राजेशनंच फेसबुकवर टाकलेले सातही कौल तिनं घरी बसून पुन्हा पुन्हा पाहिले होते. देवीपुढे पहिल्यापासून दोन बाजूंना दोन समया असत. राजेश आल्यापासून एक गळते म्हणून कोपऱ्यात गेली. उरलेली एक कधी उजवीकडे, कधी डावीकडे. आणि सातही वेळा जिकडे समई, तिकडची पाकळी पडली होती. पाकळी चिकटलेली असते ती पाण्यानं. पाच वातींची धग सकाळपासून एका खांद्याला लागली की दगड तापतो, पाणी सुकतं, पाकळी सुटते. दुसरी बाजू गार असते, ती पाकळी ओलीच राहते. घरी पाटा भिंतीला उभा करून तिनं हे अकरा वेळा करून पाहिलं होतं आणि स्नेहलनं दर वेळी घड्याळ लावून वेळ लिहिली होती.

शेवटी समई मंडपाबाहेर नेली आणि दोन नव्या पाकळ्या लावल्या. पाव तास झाला तरी एकही हलली नाही.

“आई गप हाय,” साळूबाई म्हणाली. “मंजे ती सांगतेय, तुमचं तुमी बगा.”

अनिल राजकारणात मुरलेला. तोंड पडलं तरी आवाज पडू दिला नाही. म्हणाला, ठीक आहे, लोकशाही मार्गानं जाऊ, कमानीला पाठिंबा असेल त्यांनी हात वर करा. हात वर गेले. त्यानं मंडपावर एक नजर फिरवली आणि ग्रामसेवकांना सांगितलं, “बहुमत हाय. लिहा.”

“मोजा,” सारिका म्हणाली. “तात्या मोजतील. तीस वर्षं गाडीतली माणसं मोजलीत त्यांनी.” मी सरपंचाचा काका, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं वर एवढंच म्हटलं की त्यांच्या मागून तौकीरभाई मोजतील. तौकीरचं दुकान फाट्यावर आहे आणि कमान त्याच्या दारातच उभी राहणार होती, तेव्हा तोही कमानवालाच. दोन कमानवाले मोजायला लावून ती खाली बसली.

माणसं मोजणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आंबेशेताची ग्रामसभा मोजावी. तिघांनी दोन्ही हात वर केले होते. एकीनं आपल्याबरोबर तान्ह्या बाळाचाही हात धरून वर केला होता. एक जण दोन्ही बाजूंना हात वर करत होता, “दोनी होऊ दे की” म्हणत. पोलादपूरच्या पाहुण्यांनीही हात वर केले. त्यांना मी सांगितलं, तुमचा स्टॉप मागेच राहिला, खाली उतरा. एकेक रांग पुढून मी, मागून तौकीर, असं करत दोन्ही बाजू मोजल्या. राजेशचा हातही मोजला, तोही मतदार आहे. तौकीरनं आपला हात वर करून माझ्याकडून आधीच मोजून घेतला होता.

कमान त्रेसष्ट. साकव त्रेसष्ट.

“माजेबी तेवडेच,” तौकीर म्हणाला.

ग्रामसेवक नियमांची पुस्तिका चाळू लागले. आणि राजेशनं हळूच तगरीचं फूल उचललं. “टाय झाली. आता आईशिवाय कोन सोडवणार? दोनी समया लावा, हवं तर लांब ठेवा.” खरं सांगतो, थोड्या वेळापूर्वी त्याला हसलेली निम्मी माणसं माना डोलावू लागली. मला संताप आला. लबाडी उघडी पडलेली, युक्ती पोरंसुद्धा घरी करून बघतील अशी सोपी, आणि तरी यांना कौलच हवा.

तेवढ्यात तौकीर माझ्या कानाशी म्हणाला, “तात्या, तुमी कोनात?”

मी कोणातच नव्हतो. कंडक्टर गाडीतली माणसं मोजतो, स्वतःला धरत नाही. तीस वर्षांची सवय ती. एकशेसव्वीस हात मोजले आणि माझा राहिला होता.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. अनिल बघत होता, डोळ्यांनी आजोबांच्या नावाची आठवण करून देत. सारिका मात्र खाली जमिनीकडे बघत होती. तिनं माझ्याकडे एकदाही मान वर केली नाही. आणि तिथे उभ्या उभ्या मला कळलं की गावाला कौल का आवडतो. कौलात कोणाचा हात दिसत नाही. भावकीत वितुष्ट येत नाही, शेजारी अबोला धरत नाही. उद्या एखादं पोर ओढ्यात पडलं तरी म्हणता येतं की देवीची इच्छा. राजेशनं आम्हाला फसवलं खरं, पण आम्हालाही फसायची सोय हवी होती. सातही वेळा मी त्या समईसमोर बसलो होतो, आणि कमानीवरच्या नावापायी मला ती दिसली नव्हती. याची मला त्या दिवशी मनापासून लाज वाटली.

मी साकवासाठी हात वर केला. तौकीरनं मोठ्यानं मोजला, “चौसष्ट.”

घरी जाताना अनिल म्हणाला, “काका, तुमी घरचे असून?” मी म्हटलं, घरचा आहे म्हणून तुझ्यासमोर केलं, पाठीमागे नाही. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. साकव मे अखेर उभा राहिला. त्यावर कोणाचंही नाव नाही.

देव मानावा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. साळूबाई आजही रोज देवीला हळदकुंकू वाहते आणि मी तिला कधी हसलो नाही. माझं सांगणं साधं आहे. पूल कुठे बांधायचा हे पाकळीला कळत नाही; पुरात कोणाचं पोर अडकतं हे तुम्हाला कळतं. म्हणून ग्रामसभेला जाऊन बसा. मोजणी चालू असेल तिथे उभे राहून बघा. शंका आली तर विचारा, आणि कोणी कोपाची भीती घातली तर परत मोजायला लावा. भांडण होईल, अबोला होईल, तो सोसा. आणि सगळे हात मोजून झाले की एकदा विचारा, आपला मोजला का?