वीस खाटा आणि एक चिठ्ठी

"आजपासून या शहरात गरीब माणूस औषधावाचून मरणार नाही! मी सांगतो ना!"

नव्या धर्मादाय इस्पितळाचे अध्यक्ष सकाळपासून भेटेल त्याला हेच ऐकवत होते. उद्घाटनाच्या भाषणाची ती तालीम होती.

तेवढ्यात मागच्या दाराशी धोबीण हातगाडी घेऊन आली. गाडीत इस्पितळाच्या वीस धुतलेल्या चादरी, आणि गठ्ठ्याला टेकून तापानं फणफणलेली तिची सून. चादरी लगेच आत गेल्या. सून बाहेर राहिली.

डॉक्टरनं सुनेच्या छातीला नळी लावली. "मावशी, हिला आत्ताच्या आत्ता आत घ्यायला हवं."

"मग घ्या की! वीसच्या वीस खाटा रिकाम्या पडल्यात."

"खाटा दात्यांच्या आहेत. ज्याची खाट, त्याची चिठ्ठी. नियमच आहे."

"मग तुम्ही कोण इथले?"

"मी? मी नुसता डॉक्टर."

दाते पुढच्या अंगणात फोटोसाठी जमले होते. डॉक्टर धोबिणीला घेऊन तिकडे गेला.

लाकडाचे व्यापारी म्हणाले, "ताप? छे! माझ्या खाटेवर मोडलेलं हाड हवं. हाड जुळलं की माणूस आपल्या पायांनी चालत घरी जातो, चार लोक बघतात. हिचा पायबिय मोडलाय का?"

"नाही हो," धोबीण ओशाळून म्हणाली.

धान्याचे व्यापारी म्हणाले, "आईच्या नावानं खाट दिलीय मी. पहिलाच रोगी गचकला तर नाव काय राहील? जरा बरी झाली की आण, लगेच घेतो."

शेवटी डॉक्टर अध्यक्षांच्या कानाशी लागला. "साहेब, भाषणात सांगायला एखादा तरी रोगी हवा ना?"

हे अध्यक्षांना पटलं. "देतो माझ्या खाटेची चिठ्ठी. एवढा फोटो होऊ दे."

त्या काळी फोटो म्हणजे मान मागून लोखंडी चिमट्यात, आणि श्वाससुद्धा जपून. पहिल्या खेपेला धान्यवाले शिंकले. कॅमेऱ्यातली काच बदलण्यात अर्धा तास गेला. दुसऱ्या खेपेला अध्यक्षांच्या नाकावर माशी बसली. आणखी अर्धा तास. धोबीण जरा पुढे सरकली की फोटोवाला खेकसायचा, "ओ बाई, सावली पडतेय!"

मधल्या वेळात ती गाडीकडे धावत होती. "झालंच हं पोरी. साहेबांची मान सुटली की झालं."

"आई, तुम्ही बसा जरा," सून पुटपुटली. "किती पळाल?"

तिसऱ्या खेपेला फोटो निघाला, मान सुटली. अध्यक्षांनी ऐसपैस सही ठोकली, खाली दोन वळणदार रेघा ओढल्या. धोबीण चिठ्ठी घेऊन पळत सुटली.

गाडीपाशी डॉक्टर आधीच पोचला होता. त्यानं चिठ्ठीसाठी हात पुढे केला नाही.

"आणली की हो," धोबीण म्हणाली. "खुद्द मोठ्या साहेबांची आहे. बघा तरी."

डॉक्टरनं सुनेच्या तोंडावर पदर ओढला. ती पुन्हा म्हणाली, "बघा तरी."

मागोमाग अध्यक्ष आले. "अरेरे! फारच वाईट झालं." त्यांनी तिच्या हातातली चिठ्ठी अलगद काढून घेतली. "वाया कशाला घालवायची? दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल."

घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. शाई अजून ओली होती. साहेबांच्या पांढऱ्या अंगरख्यावर छातीपाशी निळा डाग पडला, आणि अंगरखा बदलेपर्यंत भाषण दहा मिनिटं उशिरा सुरू झालं.