न सापडलेला फॉल्ट

वायरवाल्याला एकच गर्व होता आणि तो त्याने कधी लपवला नाही. गाडी जे दुखणं घेऊन वर्कशॉपमध्ये आली, ते घेऊन परत गेली असं तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. बाकी माणूस नेमस्त. इंजिनाला हात लावायचा नाही, ब्रेकच्या वाटेला जायचा नाही. गाडीतली वीज तेवढी त्याची, आणि तिच्या बाबतीत मात्र तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

म्हणूनच डॉक्टरांची गाडी टो होऊन आली तेव्हा स्वारी खुशीत होती. हे डॉक्टर दातांचे. दवाखाना बंद करून दहा वर्षं झाली, तरी आसपासच्या निम्म्या दाढा त्यांच्याच हातून गेलेल्या, वायरवाल्याच्याही दोन. गाडी म्हणजे पंचवीस वर्षांची लाल स्पोर्ट्स कार, दोन दारांची आणि इतकी बुटकी, की बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला भिडावेत. तिचं इमोबिलायझर बिघडलं होतं. चोराला अडवण्यासाठी बसवलेली यंत्रणा मालकालाच चोर समजायला लागली होती. किल्ली फिरवली की इंजिन सुरू व्हायचं, दोन सेकंदांत मान टाकायचं आणि समोरचा तांबडा दिवा लुकलुकत राहायचा. दहा वेळा हे नाटक, आणि अकराव्या वेळी बाईसाहेब शहाण्यासारख्या चालू.

अधूनमधून येणारा फॉल्ट माणसाच्या नाकी नऊ आणतो, कारण शोधायला बसावं तेव्हा तो नेमका दडी मारतो. वायरवाला दोन दिवस स्टिअरिंगखाली उताणा पडून होता. किल्लीच्या डोक्यात एक चिप असते आणि कुलपाभोवतीचं तांब्याचं कडं ती वाचतं. त्या कड्याकडून खालच्या डब्याकडे जाणारी बारीक वायर बाहेरून धडधाकट होती, पण आतून तुटलेली. स्टिअरिंग वरखाली करताना ती इतकी वर्षं एकाच जागी वाकत आली होती. सरळ धरली की मीटर वाजे, वाकवली की गप्प. त्याने तेवढा तुकडा बदलला, नीट सोल्डर केला आणि वीस वेळा गाडी सुरू करून पाहिली. वीसच्या वीस वेळा झाली. मग हात पुसून त्याने डॉक्टरांना फोन लावायला घेतला.

तेवढ्यात डॉक्टरांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. लहानपणी ती याच गाडीच्या दोन सीटांच्या मधे कोंबून बसायची, हे त्याला चांगलं आठवत होतं. ती काही विचारायच्या आत त्याने किल्ली फिरवून दाखवली. इंजिन घुमलं. ती आता हसेल म्हणून तो बघत राहिला, तर ती तिथल्याच स्टुलावर बसली आणि तिने तोंड ओंजळीत झाकून घेतलं.

मग तिने सगळं सांगितलं. डॉक्टर विसरतात हे त्याला ठाऊक होतं. चष्मा, छत्री, एकच गोष्ट दोनदा सांगणं. पण पंधरवड्यापूर्वी ते नातीला शाळेतून आणायला गेले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी गाडी थांबवली, शेजारी बसलेल्या सात वर्षांच्या पोरीला विचारलं, बाळ, तू कुणाची गं, आणि आता आपल्या घरी जा हं, असं प्रेमाने सांगून तिला मोठ्या रस्त्यावर उतरवून दिलं. पोर दोन तास एका दुकानाच्या पायरीवर बसून होती. घरच्यांनी किल्ली लपवली, तर डॉक्टरांनी गाडी चोरीला गेली म्हणून पोलीस बोलावले आणि त्यांच्यासमोर लहान मुलासारखे रडले. समजावून सांगितलेलं दुसऱ्या सकाळी पुसून जायचं आणि भांडण नव्याने सुरू व्हायचं. हार मानून किल्ली परत दिली, आणि नेमकी गाडीच बंद पडली.

"ते आठ दिवस घरात शांतता होती, काका," ती म्हणाली. "रोज गाडीत बसायचे, किल्ली फिरवायचे, आत येऊन म्हणायचे, आज ती नाही म्हणतेय. आणि पेपर वाचायला घ्यायचे. माणसांवर चिडतात ते. गाडीवर नाही चिडत. शेवटी त्यांनीच ती तुमच्याकडे पाठवली."

काय मागणं येतंय हे वायरवाल्याच्या लक्षात आलं. त्याने आढेवेढे घेतले. गाडी विका म्हणाला, लायसन्स काढून घ्या म्हणाला. लायसन्स केव्हाच संपलं होतं, आणि विकली तर पुन्हा पोलीस.

"म्हणजे मी त्यांना सांगायचं, की मला जमलं नाही?"

"हो," ती म्हणाली. "त्यांचा फक्त तुमच्यावर विश्वास आहे."

ती गेल्यावर त्याने पुन्हा स्टिअरिंगखाली पाठ टेकली. वायर पुन्हा तोडणं सोपं होतं, पण ती कुणीही मीटरवाला शोधून काढील. काम करायचं तर नीट. त्याने डबा उघडला, किल्लीची ओळख ज्यात साठवलेली असते तो नखाएवढा तुकडा गरम करून अलगद काढला आणि डबा होता तसा बंद केला. आता ही गाडी कुठल्याच किल्लीला ओळखणार नव्हती. इतकं सफाईदार काम त्याने क्वचितच केलं असेल, आणि ते करताना त्याला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, कडक इस्त्रीत, मुलीचा हात न धरता. त्यांनी किल्ली फिरवली. दोन सेकंद, आणि तांबडा दिवा. त्यांनी मान वर केली.

"नाही जमलं, डॉक्टर," वायरवाला म्हणाला. "हात टेकले मी."

डॉक्टरांची नजर त्याच्या हातांवर गेली. मग मुलीला त्यांनी पाणी आणायला पिटाळलं, गाडीतून कसेबसे बाहेर आले आणि तिचं दार लोटून घेतलं.

"हात दाखव."

वायरवाल्याने हात पुढे केला. खोटं बोलण्याची सवय नसलेला तो हात थरथरत होता. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, बोटं एकेक करून तपासली.

"कधीपासून होतंय?"

वायरवाल्याने हात मागे घ्यायला पाहिलं, त्यांनी तो सोडला नाही.

"माझंही असंच सुरू झालं होतं," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "एका बाईची दाढ काढत होतो. हिरडी फाटली. त्या संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावलं आणि कारण कुणाला सांगितलं नाही. तूही आता थांब. लोक तुझ्या भरवशावर गाडीत लेकरंबाळं बसवतात. उद्या एखाद्या पोराला काही झालं तर जन्मभर झोप लागायची नाही तुला."

वायरवाल्याने मान खाली घातली. डोळे भरून आले होते आणि डॉक्टरांनी हात अजून सोडला नव्हता.

"लाजू नकोस. मी कुणाजवळ बोलणार नाही. गाडीचं कुणी विचारलंच, तर सांगेन, मीच चालवणं सोडलं."

मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होती. जे वाक्य घरातल्या कुणाला वर्षभर त्यांच्या तोंडून काढता आलं नव्हतं, ते तिने ऐकलं.

गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात ठेवायचं ठरलं. प्रश्न मिटला असं दोघांनाही वाटलं. पण पुढच्या गुरुवारी डॉक्टर मुलीला घेऊन पुन्हा हजर, तसेच कडक इस्त्रीत. झाली का रे माझी गाडी? मागचं काहीच त्यांना आठवणार नाही, हा हिशेब दोघांनीही केला नव्हता. वायरवाल्याला पुन्हा सांगावं लागलं, नाही जमलं. डॉक्टरांनी पुन्हा मुलीला पाण्यासाठी पिटाळलं.

आता दर गुरुवारी ते येतात. दर वेळी त्याचा हात दोन्ही हातांत घेतात, फाटलेल्या हिरडीची गोष्ट पहिल्यांदाच सांगावी तशी चाचरत सांगतात, आणि त्याची अब्रू वाचावी म्हणून आपली गाडी सोडून देतात. वायरवाला दर वेळी हात पुढे करतो. परवा मीटरच्या पिना धरताना त्याच्या लक्षात आलं, की तो हात आता गुरुवार नसतानाही थरथरतो.