पाववाल्याची भट्टी

“तीन नंबरचं दार बंद करतोय. शेवटचा नमस्कार करून घ्या,” कुसाका म्हणाला आणि नेहमीसारखी मान खाली घातली.

ओसाकाच्या टोकाला, टेकडीवरच्या या दाहगृहात त्याला एकवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्याने मागे राहिलेल्यांपैकी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. तोंड पाहिलं की ते आपल्याबरोबर घरी येतं आणि रात्री झोपू देत नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणून तो फक्त हात बघायचा. आज पेटीवर टेकलेला हात बाईचा होता, सत्तरीच्या आसपासचा. मनगटावर तेलाने भाजल्याचे चार गोल डाग आणि तर्जनीचं नख काळं पडलेलं.

कुसाकाने तो हात ओळखला. हाच हात गेली नऊ वर्षं रोज दुपारी त्याच्यासमोर जेवणाची थाळी ठेवत होता.

“पाववाले,” बाई हळूच म्हणाली.

त्याने बटण दाबलं. कसं दाबलं ते त्याला आठवत नाही.

टेकडी उतरली की सिग्नलपाशी शिगेजीकाका आणि मित्सुएकाकूंची ताकोयाकीची गाडी होती. बिडाच्या तव्याच्या खळग्यांत पीठ ओतायचं, त्यात ऑक्टोपसचा तुकडा टाकायचा आणि टोच्याने फिरवत गोल गरगरीत गोळे करायचे. हे काकांचं काम. सॉस आणि माशाचा कीस घालून थाळी देणं काकूंचं. कुसाका तिथे जायचा त्याचं खरं कारण वेगळंच होतं. हे गोळे दातकोरणीच्या काडीने टोचून खातात. सकाळभर लोकांच्या हाती चॉपस्टिक देऊन अस्थी सावडून घ्यायच्या आणि दुपारी तशाच चॉपस्टिकनी जेवायचं, हे त्याला कधी जमलं नाही.

आधी तो एका शेवयांच्या दुकानात चमच्याने जेवायचा. तिथे एकदा त्याने आपलं काम खरं खरं सांगितलं. तो बाहेर पडताच मालकिणीने उंबऱ्यावर मीठ फेकलं, मयतावरून आल्यावर अंगावर टाकतात तसं. माणूस जिवंत असताना त्याच्यामागे मीठ फेकलेलं फार लागतं. त्यामुळे काकांनी जेव्हा विचारलं, “काम काय करता?” तेव्हा तो पटकन म्हणाला, “बेकरीत. भट्टीवर.”

झालं, तेव्हापासून तो पाववाला! “काय पाववाले, आज भट्टी किती तापली? आमची दोनशेवर आहे,” काका रोज विचारायचे. “आमची जरा जास्त असते,” कुसाका म्हणायचा आणि घाईने पुढचा गोळा तोंडात टाकायचा. खोटं निभवायला तो दर शुक्रवारी स्टेशनवरच्या दुकानातून पाव विकत घ्यायचा, लेबल नखाने खरवडून काढायचा आणि “आमच्याकडचा” म्हणून द्यायचा. जगात तेवढी एकच जागा होती जिथे तो नुसता भूक लागलेला माणूस होता.

दोन आठवडे गाडीवर पाटी होती, पाठदुखीमुळे बंद. आणि आज काका त्याच्या भट्टीत होते. मागच्या खोलीत तो तासभर नुसता बसून राहिला. काका गेले याचं दुःख करावं की आपलं बिंग फुटलं याची लाज वाटून घ्यावी, हेच त्याला कळेना. आता काकू काय म्हणतील? नऊ वर्षं आमच्या ताटात जेवलास आणि हे हात घेऊन?

अस्थी सावडायला काकू आणि एक पुतण्या, दोघंच होते. पायापासून सुरुवात करायची, दोघांनी मिळून एक हाड उचलायचं, कलशात ठेवायचं. कुसाका खाली बघून ठरलेली वाक्यं बोलत गेला. शेवटी गळ्यातलं हाड राहिलं, ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखं दिसणारं. ते अखंड होतं.

“हे सर्वांत जवळच्या माणसांनी उचलायचं,” तो म्हणाला.

पुतण्या पुढे झाला. काकूंनी त्याला हाताने थांबवलं. “पाववाले, तुम्ही धरा.”

“काकू, हे काय भलतंच!” पुतण्या ओरडला. “ते इथले नोकर आहेत!”

“आम्हाला परवानगी नसते,” कुसाका कसाबसा म्हणाला.

“तीन वर्षांपूर्वी थोरल्या दिरांना इथेच आणलं होतं. यांनी हातमोजे घातले होते, तुम्हीच यांच्या हातात चॉपस्टिक दिल्यात. वर बघितलंसुद्धा नाहीत. घरी येऊन हे म्हणाले, पाववाल्याचा हात हलका आहे गं. आणि मलाच दम दिला. त्याला कळलंय असं दाखवलंस तर खबरदार, बिचारा जेवायचा बंद होईल.”

तीन वर्षं! सगळं माहीत असून तो माणूस रोज भट्टीची चौकशी करत होता. दर शुक्रवारी तो पाव चवीने खात होता.

“धरा लवकर,” काकू म्हणाल्या. “हे एकटीने उचलायचं नसतं.”

त्याने धरलं.

त्यानंतर सुतकाचे एकोणपन्नास दिवस तो कपड्यांच्या खोलीत बसून, चमच्याने, गार भात खात होता. पन्नासाव्या दिवशी गाडी उघडलेली दिसली. टोच्या आता काकूंच्या हातात होता. कुसाका सिग्नलच्या खांबाला टेकून उभा राहिला.

“अहो पाववाले! लाजायला नवरी आहात का? या इकडे!”

गाडीशी एक टॅक्सीवाला खात होता. “पाववाले? कुठली बेकरी तुमची?” त्याने विचारलं.

कुसाकाने काकूंकडे पाहिलं. त्या पीठ ओतत होत्या. “बेकरी नाही,” तो म्हणाला. “वरच्या दाहगृहात असतो.”

टॅक्सीवाल्याची काडी तोंडाजवळ थांबली. त्याने आपली थाळी वीतभर लांब सरकवली.

“आमच्या ह्यांना यांनीच पोचवलं,” काकू म्हणाल्या. “सॉस देऊ अजून?”

कुसाकाच्या थाळीतले गोळे वाकडेतिकडे होते, दोन तर फुटलेच होते. त्याने एक तोंडात टाकला.

“कसे झालेत?”

“जरा करपलेत.”

“तुम्ही म्हणताय म्हणजे करपलेच असणार,” काकू बोलून गेल्या आणि त्यांनी घाबरून तोंडावर हात ठेवला. टॅक्सीवाल्याने डोळे विस्फारले. कुसाकाला आधी हुंदका आला आणि मग हसूच फुटलं. काकू इतक्या हसल्या की ॲप्रनने डोळे पुसावे लागले. त्याने आठच्या आठ गोळे संपवले.

“परवा शुक्रवार,” तो निघताना त्या म्हणाल्या. “पाव आणा. आणि ते लेबल खरवडत बसू नका, पाव चेपतो.”

त्या दुपारी दीडच्या पेटीबरोबर एक म्हातारा एकटाच आला होता. कुसाका म्हणाला, “दार बंद करतोय. शेवटचा नमस्कार करून घ्या.” मग त्याने मान वर केली.