पाच तासांवरची लेक

...तेच बटण, वरून दुसरं, आणि त्याभोवती वळलेली बाळाची एवढीशी मूठ — झोपेतसुद्धा सुटत नाही, जणू सोडलं तर आईच घरंगळून कुठंतरी जाईल. तिच्या डाव्या हाताला मुंग्या आलेल्या, पाठीला भिंत रुतलेली, आणि जरा सरकायला जावं तर बाळाच्या भुवया आक्रसतात. तेव्हा बसायचं. खिडकीतून दिसणाऱ्या पट्टीएवढ्या आभाळात एक विमान चाललं होतं. पश्चिमेकडं, तिच्या माहेराकडं जाणारं, तिनं सवयीनं ओळखलं.

बाळ होण्याआधी ती विमानाच्या तिकिटांच्या कचेरीत होती. तिकडं जाणारं गिऱ्हाईक उतरायच्या वेळेतून निघायची वेळ वजा करायचं आणि खूश व्हायचं — अहो, पाचच तास! — की ती सांगायची, उतरायची वेळ तिथल्या घड्याळाची असते, काका. ते घड्याळ सहा तास मागे. विमानात अकरा तास बसायचंच आहे. सगळ्यांना सांगितलं. फक्त एकीला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या तिकिटावर बोट ठेवून आईनं तीच वजाबाकी केली होती, आणि परतीच्या वेळा बघून तर टाळीच दिली होती, "यायला पाच नि जायला सतरा! बघ, विमानालासुद्धा कळतं, माहेर जवळ नि सासर लांब!" तेव्हाच सांगायला हवं होतं का... पण आई हसत होती, डोळे पुसत हसत होती. राहून गेलं. लेक पाच तासांवर आहे म्हणून ती निवांत असेल तर असू दे की — असं म्हणता म्हणता तीही त्या पाच तासांवरच राहायला लागली.

आज मात्र त्याच पाच तासांनी तिला कोंडून घातलं होतं. परवा आईचं ऑपरेशन, पोटातली गाठ. सकाळी नवरा बूट घालता घालता म्हणाला, "एवढ्याशा जिवाला अकरा तास? बघ बाई, मी काही नाही म्हणत नाही." नाही न म्हणणं म्हणजे काय, ते दार लागल्यावर कळतं. आणि येत नाही म्हणून आईला सांगायचं तरी कुठल्या तोंडानं — पाच तासांसाठी कुठली लेक अडून बसते?

फोन थरथरला. कान आणि खांद्यात तो धरून ती कुजबुजली, "आई."

"झोपलंय ना पिल्लू? तुझी दुपार बघूनच लावला."

"अगं, मी तिकीट बघत होते—"

"काही बघू नकोस. मावशी आहे माझ्याजवळ. ती बोलून बोलूनच मला बेशुद्ध करील, डॉक्टरांचं औषध वाचेल."

ती फसकन हसली. बाळ हललं. तिनं श्वास धरला — तिकडे आईनंसुद्धा.

मग आई हळूच म्हणाली, "अकरा तास त्या तान्ह्याला घेऊन... वेडी का तू? नको गं."

अकरा.

तुझी दुपार बघून — रोज बघूनच तर लावते ती फोन, एकदासुद्धा झोपमोड नाही... मग तिला ठाऊक तरी कधीपासून? टाळी देतानाच? आणि आपण समजत होतो, जपतो आहोत ते आपण... एका क्षणात माहेर मागे मागे सरकत गेलं, होतं तिथं, त्याच्या खऱ्या जागी.

"आहेस ना?"

"आहे."

मूठ कधीतरी उघडली होती. बटण मोकळं होतं. आता हात अलगद काढून घेता आला असता. तिनं काढला नाही.

"आई, ऐक," ती म्हणाली — आणि पुढं ‘येते’ म्हणणार की ‘राहते’, तिचं तिलाच कळेना. एवढंच की जे येईल ते आता अकरा तासांवरून बोलायचं होतं.