दोनदा आलेले तापमान

मी एक जुना, जेमतेम चाळीस ओळींचा कोडचा तुकडा आहे. मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही, तेव्हा भराभर सांगतो. बदकांची अंडी उबवण्याच्या केंद्रात मी कामाला आहे. तिथल्या मावशी रोज सकाळी संगणकावर एक ओळ टाइप करतात: --पेटी ३ --तापमान ३७.५. दोन रेघांपुढे येते ते नाव आणि नावापुढे त्याचा आकडा. अशा जोड्या लावायच्या, प्रत्येक आकडा आपल्या नावाच्या कप्प्यात ठेवायचा आणि कप्पे पुढच्या प्रोग्रामच्या हवाली करायचे, एवढेच माझे काम. तो त्याप्रमाणे पेटी तापवतो. माझे काम पापणी लवायच्या आत संपते, आणि मग दिवसभर घोर लागतो की सगळे बरोबर ठेवले ना!

मावशींच्या भाचीने कॉलेजात असताना मला एका दुपारी लिहिले. एकच नाव दोनदा आले, तर मी आधीचा आकडा काढून नंतरचा ठेवायचो. तिने हे ठरवून केले नव्हते, ओघात झाले होते. मावशींच्या मात्र ते चांगलेच पथ्यावर पडले. त्या वरच्या बाणाची कळ दाबून कालचीच ओळ आणत आणि आज हवे ते शेवटी जोडत. "पुसत कोण बसणार? हात ओले असतात माझे," असे त्या स्वतःशीच म्हणत. आल्यागेल्याला "माझं यंत्र फार शहाणं" असे सांगत, आणि मी फुशारून जायचो.

पुढे भाची मोठ्या कंपनीत लागली. एकदा सुटीत आली, मला उघडून पाहिले आणि तिने कपाळाला हात लावला.

"मावशी, हे मी लिहिलंय? लाज वाटते गं! थांब, दहा मिनिटांत साफ करते."

"कर बाई. चालतंय ते बंद पाडू नकोस म्हणजे झालं."

तिने मला लख्ख केले आणि जाता जाता एक नियम घातला. कप्पा एकदा भरला की नंतर आलेल्या आकड्याला थारा नाही.

त्याच आठवड्यात मावशींची लाडकी तपकिरी बदकीण मेली. तिची शेवटची बावीस अंडी उरली होती. मावशींनी पेटी धुतली आणि कोरी ओळ टाइप करून ती सुकायला रिकामीच पंचेचाळीस अंशांवर ठेवली. दुसऱ्या सकाळी अंडी मांडली, बाण दाबून कालची पंचेचाळीसची ओळ आणली आणि शेवटी जोडले: --तापमान ३७.५.

मित्रांनो, माझ्या हातात साडेसदतीस होते आणि कप्प्यात पंचेचाळीस आधीच बसले होते. मी हातातला आकडा टाकून दिला. ओरडावेसे वाटत होते, पण मला तोंडच दिलेले नव्हते. पेटी तापतच राहिली.

पेटीतले अंडे मिटल्या पापणीला लावून पाहायची मावशींची सवय होती. त्या दिवशी खाद्याची गाडी आली आणि त्या दीड तास अडकल्या. आल्या, अंडे पापणीला लावले आणि किंचाळल्या, "अगं, भाजतंय हे!"

अजून सुटीवरच असलेली भाची धावत आली आणि दोघींनी अंडी बाहेर काढली. मग भाचीने पडद्यावरची ओळ वाचली.

"मावशी, शेवटी कशाला जोडलंस?"

"सहा वर्षं जोडतेय. तू कधी विचारलंस?"

भाचीने ती ओळ पुन्हा वाचली. म्हणाली, "चुकलं माझं."

अठ्ठावीस दिवसांनी पाचच पिल्ले बाहेर आली.

भाचीने मला तोंड दिले. आता एक नाव दोनदा आले की मी थांबतो आणि विचारतो, "तापमान दोनदा आले आहे. कोणते धरू?" मावशी पुटपुटतात, "फारच चौकशा करतं हे," आणि ओल्या बोटाने उत्तर देतात. तरी माझा जीव वरखाली होतोच.

मित्रांनो, जुने काही दुरुस्त करायला घ्याल, तेव्हा ते रोज वापरणाऱ्याच्या शेजारी एक सकाळ बसा. आणि कुणी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, तर त्यातली एक गुपचूप टाकून देऊ नका.

भाची आता सुटीत आली की आधी मावशींच्या शेजारी स्टूल ओढून बसते. त्या बावीस अंड्यांतली बदके तिच्या पायांत घुटमळतात. ती मोजते, आणि दर वेळी पाचावर थांबते.