फ्रॉक अजून होतोय

मित्रांनो, दवाखान्यातल्या त्या लोखंडी कपाटामागे छत्र्या टेकवलेल्या आहेत ना, त्यांच्याखाली दबलेली लाकडी फळी म्हणजे मी. मी जुनी आहे, पण मोडलेली नाही. बाळांची लांबी मोजणे हे माझे काम. एका टोकाला बाळाचे डोके टेकवायची पट्टी घट्ट बसवली आहे, दुसरीकडे तळपायांपर्यंत सरकणारी पट्टी आहे आणि मधे आकडे आहेत. एवढे साधे काम, तेही मला कुणी करू देत नाही.

सुताराने मला घडवले तेव्हा माझ्या कडा तीनतीनदा घासल्या होत्या, बाळाच्या पाठीला ओरखडा यायला नको म्हणून. सुरुवातीला इथे दोन परिचारिका होत्या. एक डोके धरायची, दुसरी गुडघे सरळ करायची आणि माझी पट्टी दिवसभर सरकत राहायची. पुढे एकीची बदली झाली आणि माझे ग्रहच फिरले. एकट्या माणसाच्या हातून हे काम होत नाही. बाळ वळवळते, पाय आखडून घेते, भोकाड पसरते. मग उरलेल्या ताईंनी सरळ वजनकाट्याशी सूत जमवले. बाळ ठेवले, आकडा उमटला, पुढचा नंबर. लांबीच्या रकान्यात त्या अंदाजे काहीतरी लिहू लागल्या. ताई कामचुकार मुळीच नाहीत, त्यांना पाणी प्यायची उसंत नसते. पण त्या अंदाजाने माझा जीव जळायचा.

कारण वजनकाट्याला बाळ किती जड आहे तेवढेच कळते. लांबी मागे राहिली आणि वजन त्या लांबीला साजेसे असले, की बाळ दिसायला ठीकठाकच दिसते, फक्त लहान दिसते. आणि लहानखुऱ्या बाळाचे तर सगळ्यांना भारीच कौतुक.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी अशीच होती. सगळे तिला बाहुली म्हणायचे. आई सहा महिन्यांच्या मापाचा, निळ्या ठिपक्यांचा फ्रॉक घालून तिला आणायची. वाढत्या अंगाचा म्हणून तिने खालच्या दुमडीत चार बोटे कापड जास्तीचे ठेवले होते. चौदावा महिना लागला तरी ती दुमड तशीच होती.

"अजून होतोय बघा फ्रॉक," ती बाकावरच्या बायकांना कौतुकाने सांगायची. "आमच्या घरात सगळे बुटकेच."

मी कपाटामागून चरफडायची. अगं, परक्या बायकांची मापे तू नुसत्या नजरेने सांगतेस, मग घरच्या पोरीवर तुझी नजर का जात नाही?

एके दिवशी काट्याची बॅटरी संपली आणि रकान्यात काहीतरी भरायला हवे म्हणून माझी आठवण झाली. एवढीच माझी किंमत. ताईंनी बाहुलीचे डोके धरले, आईला गुडघे धरायला लावले आणि पट्टी सरकवली. एकोणसत्तर सेंटीमीटर. या वयाला पंचाहत्तरच्या आसपास हवे. ताईंनी पुन्हा मोजले. पुन्हा एकोणसत्तरच.

"हिला खायला काय देता?" ताईंनी विचारले.

"अंगावर पाजते. वर चहात बुडवलेलं बिस्कीट. कधी भाताचं पाणी."

"पाण्यानं पोट भरतं, पोर वाढत नाही." ताई खाली बसल्या. "दूध चालू ठेवा. पण घट्ट खाऊ घाला, चमच्यातून ओघळणार नाही असं. मऊ भात, डाळ, अंडं, पालेभाजी, वर थोडं तेल. दिवसातून तीनचारदा, तिच्या वेगळ्या वाटीत. हे दिवस फार मोलाचे आहेत. दोन वर्षांनंतर ही उणीव भरून काढणं फार अवघड."

आईने मान खाली घातली. "मी तर कौतुक करत बसले होते," ती म्हणाली.

चार महिन्यांनी, काटा अजून बंदच असताना, माझी पट्टी चौऱ्याहत्तरवर थांबली. बाहुली अजूनही मागेच होती, पण पुढे सरकत होती. दुमड उसवून झाली होती आणि आता तर फ्रॉक खांद्यातूनही जाईना. मला वाटले, आता तरी माझे दिवस पालटतील. कसले काय. काट्याला नवी बॅटरी आली आणि मी पुन्हा छत्र्यांखाली गेले.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, नवा रंग नको. तुमच्या घरात लहान भावंड असेल तर त्याची लांबी मोजून घ्या, एवढेच माझे मागणे आहे. त्याच्या वाटीत काय पडते तेही बघा. नुसते "किती गोड, किती इवलेसे" म्हणून थांबू नका.

काल बाहुलीच्या आईने तो धुतलेला फ्रॉक बाकावरच्या एका बाईला दिला. त्या बाईची मुलगी पावणेदोन वर्षांची. बाईने तिथेच फ्रॉक तिच्या डोक्यातून घातला. तो अगदी मापाचा बसला.

"बघा, जसा काही हिच्यासाठीच शिवलाय," बाई खूश होऊन म्हणाली.

बाहुलीची आई हसली नाही. तिने एकदा फ्रॉककडे पाहिले, एकदा त्या मुलीकडे.

"वजन ठीक आहे हिचं," ताई काट्याकडे बघत म्हणाल्या. "आणि आज गर्दी आहे."

बाहुलीची आई उठली, कपाटापाशी आली आणि एकेक छत्री बाजूला ठेवून तिने मला बाहेर ओढले.

"हिला दोन वर्षं पुरी व्हायला तीनच महिने राहिलेत, ताई," ती म्हणाली. "तुम्ही डोकं धरा. गुडघे मी धरते."